ओले सामान गाडीत चढत नाही

मी एक जुने उखळ आहे, मित्रांनो. पण तुमच्या ओळखीचे, पोहे नाहीतर तिखट कांडायचे नव्हे. माझ्यात फुफू कांडायचे, म्हणजे उकडलेला कसाव्याचा कंद आणि कच्ची केळी कुटून त्याचा मऊसूत गोळा करायचे. आमच्या कुमासी शहरात तो पोटात गेल्याशिवाय माणूस जेवलो म्हणत नाही. तुमच्याकडे कोणाची भरभराट झाली की त्याचे उखळ पांढरे झाले म्हणतात ना? माझे रोज संध्याकाळी व्हायचे. भरभराट तेवढी राहून गेली.

मला रानाकाठच्या गावात एका खडूस म्हाताऱ्याने कोरले. झाड पाडल्यावर त्याने माझा ओंडका सावलीत पुष्कळ दिवस मुरू दिला. लाकडाला घाई केली की ते सूड उगवते, असे तो म्हणायचा. मग अद्दाई नावाच्या नव्या नवऱ्याने मला डोक्यावरून घरी आणले आणि आपल्या बायकोपुढे ठेवले. अफ्रिये तिचे नाव. तिने मला चारी बाजूंनी टिचक्या मारून पाहिले आणि म्हणाली, "नवऱ्यापेक्षा उखळ टिकाऊ दिसतंय."

तिचे बोलणे खरे ठरायला नको होते. अद्दाई उभा राहून मुसळ चालवायचा आणि ती खाली बसून गोळा परतायची. मुसळ वर गेले की तिचा हात आत, मुसळ खाली यायच्या आत बाहेर. दोघे कडाकडा भांडत असले तरी तो ठेका कधी चुकला नाही आणि तिच्या बोटाला कधी लागले नाही. अंगणातल्या बायका कौतुकाने बघत राहायच्या. तेव्हा मला वाटायचे, हे असेच चालणार.

अद्दाई गेला. मुलगी अंपोमा शिकून राजधानीत, अक्राला, नोकरीला लागली. अफ्रिये एकटीच बुटक्या स्टुलावर बसून एका हाताने आखूड मुसळ मारायची आणि दुसऱ्याने गोळा परतायची. पुढे काचबिंदूने तिची नजर गेली, अगदी थोडा उजेड उरला. तरी माझ्या काठावरून हात फिरवला की तिला सगळे कळायचे. कोरडा वारा सुटला की ती मला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, तान्ह्या मुलाला ठेवावे तसे.

आईने आता आपल्याकडे यावे म्हणून अंपोमा हट्टाला पेटली. अफ्रिये म्हणाली, "जिथं माझं उखळ वाजू देत नाहीत, तिथं मी येणार नाही." ही अट साधी नव्हती. वरच्या मजल्यावर फुफू कांडायला लागले की खालच्याच्या छताला हादरे बसतात, म्हणून घरमालक आधीच नाही म्हणतात. मला तर वाटते, अशी जागा मिळणारच नाही या भरवशावर म्हातारी निवांत होती. पण अंपोमानेही जिवाचे रान केले आणि अंगण असलेले तळमजल्याचे घर शोधून काढले. फोनवर ते ऐकून अफ्रियेने माझ्या काठावरून एकदा हात फिरवला. मग तिने विचारले की अंगणात सावली आहे का. त्या संध्याकाळी माझ्याशी बोलताना तिच्या आवाजात नव्या घराची ओढ होती. तिला पुन्हा एकदा संसार मांडायचा होता, आणि तो माझ्यावर मांडायचा होता.

अंपोमा आवराआवरीला आली तेव्हा वाळवंटाकडचा वारा ऐन भरात होता. ओठ फुटत होते, दारे वाळून चौकटीत खुळखुळत होती. सामान हलवणाऱ्या कंपनीचा मुकादम ओफोसू खोकी, चिकटपट्ट्या आणि बुडबुड्यांच्या प्लास्टिकची भेंडोळी टाकून गेला. माणूस भला होता. जाताना माझ्या अंगावरच्या गोणपाटाला हात लावून तो अंपोमाला म्हणाला, "ताई, हे असं चालायचं नाही. ओलं सामान आमच्या गाडीत चढत नाही. मागं एकीच्या गाद्यांना बुरशी धरली, शिव्या आम्ही खाल्ल्या."

अंपोमाला धास्ती बसली. उखळ राहिले तर आईही राहील, हे तिला ठाऊक होते. दुपारी तिने मला घासून पुसून लख्ख केले आणि मायेने भर अंगणात उन्हात ठेवले. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. आधी कडेचा ओलावा गेला, मग पोटातला. ऊन आणि वारा दोघे मिळून मला ओढत राहिले, आणि मी काठापासून तळापर्यंत तडकले. आवाज मोठा झाला.

आतून अफ्रियेने विचारले, "लाकडं कोण फोडतंय गं?"

म्हातारी भिंत चाचपत बाहेर आली. माझ्या काठावरून फिरणारा तिचा हात फटीपाशी थांबला. तिने त्यात नख घालून पाहिले, मग बोट. अंपोमा रडत रडत म्हणाली, लोहाराकडून पट्टी मारून घेऊ, नाहीतर सुताराकडून फट बुजवून घेऊ. अफ्रियेने मान हलवली. फटीत फुफू अडकतो, आंबतो, आणि दुसऱ्या दिवशीचाही नासवतो. एवढा खटाटोप आणि शेवटी मुसळ केरात.

गाडी आली. ओफोसूने मलाही गुंडाळायला घेतले, पण म्हातारीने त्याला थांबवले. "ते राहू दे, बाबा. जागा अडवेल."

मग तिने कशालाच हरकत घेतली नाही. कुठली भांडी न्यायची, कुठली वाटून टाकायची, सगळ्याला हो म्हणाली. तो होकार अंपोमाला सोसवेना.

"आई, मला रागाव तरी."

"कशाला रागावू? तुझं सोपं झालं, पोरी. आता मला कितव्याही मजल्यावर ठेव."

गाडी गेल्यावर शेजाऱ्यांनी मला कोंबड्यांना पाणी ठेवायला घेऊन पाहिले. पाणी ठरेना, तेव्हा त्यांनी मला सरपणाच्या ढिगाशी लोटले. माझी तक्रार नाही. फुटक्या उखळाने तक्रार करू नये. एवढेच सांगायचे आहे, मित्रांनो, की ज्याला जपायचे त्याला काय सोसते ते जाणत्या माणसाला आधी विचारत जा. अंपोमाने विचारले असते तर तिच्या आईने एका शब्दात सांगितले असते. पण आई आत जरा पडली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून पोरीने विचारले नाही.