मंजुषाच्या नावानं आलेली लेन्स

हं, धरा. आधी मला उजेडासमोर धरा, एक डोळा मिटा आणि आत बुरशी आहे का ते नीट बघून घ्या. सगळेच बघतात. समाधान झालं की सांगा, मग बोलते.

मी कॅमेऱ्याची लेन्स बोलतेय. वय चाळीसच्या पुढं, जन्म जपानचा, मुक्काम लिंबागणेशच्या अलीकडची एक वस्ती, जिल्हा बीड. माझ्या आत धुळीचा एक कण आहे. एकच. तो मीच आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवला.

माझा स्वभाव संशयी आहे, मला मान्य आहे. पण जिला जन्मभर लोकांनी बॅटरी मारमारून तपासलं, ती भोळी राहील कशी? कारखान्यात एका बाईनं माझी काच दिवसभर घासली आणि संध्याकाळी तिलाच शंका आली म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा घासली. तेव्हापासून हे चालू आहे.

माझा पहिला मालक तिकडं रेल्वेत कारकून होता. मी माणसांचे चेहरे काढायला घडवलेली लेन्स. तो माझ्यातून एकच चेहरा काढायचा, बायकोचा. बायको गेली आणि त्यानं मला कपाटात ठेवलं. बारा वर्षं मी अंधारात होते. तो कण तेव्हाच कधीतरी आत शिरला असावा. पुढं तोही गेला, पुतण्यानं मला जुन्या मालाच्या दुकानात विकलं. दुकानदारानं बॅटरी मारली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, ‘काच स्वच्छ, आत धुळीचा एक कण.’ मला राग आला. त्याच्या चष्म्यावर केवढी धूळ होती!

तिथं मला एका बाईनं मोबाईलवर पाहिलं. कुठली? तर बीड जिल्ह्यातली. वस्तीवर तिला सगळे राजश्री म्हणायचे. घरी शिलाई मशीन, त्यावर ब्लाउज शिवायची, आणि भावानं दिलेल्या जुन्या कॅमेऱ्यानं बारशी-डोहाळजेवणं काढायची. बीडमध्ये अमरसिंह नावाचे स्टुडिओवाले होते. त्यांनी तिचे फोटो पाहिले आणि म्हणाले, “ताई, हळद, बांगड्या भरणं, बायकांच्या खोलीतलं सगळं आमच्या पोरांना काढू देत न्हाईत. ह्या सीझनला एकवीस तारखा हायेत. तुमाला देतो. पण खोलीत उजेड नसतो, तुमची ही लेन्स चालायची न्हाई. पहिली हळद वीस तारखेला, शुक्रवारी. तवर चांगली लेन्स आणा, न्हाईतर मला दुसरी बाई बघावी लागंल.”

इथल्या बाजारात तशी नवी लेन्स म्हणजे हाताबाहेरची गोष्ट. म्हणून जपानची जुनी, म्हणजे मी. तिनं दुकानदाराकडून माझे अकरा फोटो मागवले. पुढून, मागून, बाजूनं, बॅटरी मारून. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा इतकं बघितलं नसेल. मला तिचा राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. म्हटलं, आपल्यासारखीच आहे ही. कुणावर विश्वास नाही.

दुकानदारानं विचारलं, “काही गिऱ्हाईकं कर वाचवायला पार्सलवर कमी किंमत लिहायला सांगतात. तुमची काय लिहू?” तिला वाटलं हा सापळाच. तिनं कळवलं, खरी किंमत लिहा. खोटं लिहून अडकले तर सोडवायला काय माझा मामा येणार आहे? मग त्यानं बजावलं, “ओळखपत्रावर जे नाव आहे तेच पार्सलवर हवं. फरक पडला तर माल अडकतो.” तिनं आधार कार्ड काढलं, त्यावरचं नाव एकेक अक्षर बघून पाठवलं. मंजुषा रामकिसन. पत्ता मात्र कार्डावरचा नाही, सासरचा दिला, मार्फत अंगद. अंगद म्हणजे तिचा नवरा, दुधाचा टेम्पो चालवतो.

आता तुम्ही विचाराल, ही तर राजश्री, मग मंजुषा कोण? अहो, तीच. इकडं लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं, झालं. माहेरची मंजुषा जेवणाच्या पंगती उठायच्या आत राजश्री झाली. हे नाव सासूनं, दगडाबाईंनी, सुचवलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली, जुनं नाव सासूबाई तर विसरूनही गेल्या. कार्ड मात्र माहेरचंच राहिलं. कोण कचेरीत हेलपाटे घालणार?

अंगदला तिनं सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, “जपानवरून? अगं त्यापरीस ते पैसे कपिलधारच्या धबधब्यात टाक. निदान दर्शन तरी हुईल.” सासूला तर तिनं सांगितलंच नाही. दोन वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे एका काचेत घातले म्हटल्यावर घरात काय झालं असतं ते तिला ठाऊक होतं.

मी विमानानं मुंबईला आले आणि एकोणीस दिवस पडून राहिले. मला खोक्यातून काढलं, उलटं केलं, पुन्हा बॅटरी मारली. कुणाला? कशाला? वापरायला की विकायला? अहो, मी काय सांगू? मला तर जपानीसुद्धा धड बोलता येत नव्हती.

इकडं त्याच दिवसांत तिला एक फोन आला. “मॅडम, तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, दोन हजार पाठवा, नाहीतर केस होईल.” असे फोन वस्तीवर ज्यांनी जन्मात काही मागवलं नाही त्यांनाही येत होते. तिनं फोन कापला. झालं असं की, चार दिवसांनी कस्टमचं खरंखुरं पत्र आलं, बिल आणि ओळखपत्र पाठवा म्हणून, आणि तिनं तेही चोराचंच समजून चुलीमागं ठेवून दिलं! शेवटी अमरसिंहांना दाखवलं. त्यांनी खात्री केली, कागद पाठवले, आणि मी सुटले. पण तोवर शुक्रवार आठवड्यावर आला होता.

मी वस्तीवर पोचले तेव्हा ती नेमकी घरात नव्हती, बीडला अस्तराचं कापड आणायला गेलेली. दारात दगडाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. गावचे पोस्टमन त्रिंबक तात्या मोटारसायकलवरून उतरले.

“दगडाबाई, पार्सल हाय. मंजुषा रामकिसन.”

“कोण मंजुषा?”

“मला काय ठाव? पत्ता तुमचा हाय. मार्फत अंगद लिहलंय.”

शेंग फोडणारा हात थांबला. “अंगदच्या मार्फत?”

“हां. परदेशातून आलंय. आन् साडेपाच हजार कर भरायचाय.”

“पैसे बी?” बाई उठल्याच. “त्या दिसाला तुकारामाच्या पोराला फोनवर असंच लुबाडलं. हितं मंजुषा-फंजुषा कुणी न्हाई! ने माघारी!”

मी खोक्यातून ओरडत होते, अगं बाई, तुझीच सून ती! पण खोक्याला कोण विचारतं? तात्यांनी पार्सलवर लिहिलं, ‘या पत्त्यावर असं कुणी नाही.’ आणि मला पोस्टातल्या लोखंडी कपाटात ठेवलं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर परत जपान.

पुढचं मला नंतर समजलं, कारण आता मी रोज तिच्या गळ्यात असते आणि घरातलं सगळं कानावर पडतं. पार्सल आल्याचं दगडाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. संशय आलेलं माणूस विचारत नाही, पाळत ठेवतं. लेकाच्या पत्त्यावर परक्या बाईचं पार्सल, तेही परदेशातून! त्यांनी अंगदच्या शर्टाचा वास घेतला. टेम्पोची गादी उचलून बघितली. त्याच्या ताटात भाकरी आदळायला लागल्या. सुनेला मात्र एकाएकी दुधावरची साय मिळू लागली. अंगदला काही कळेना, आणि सुनेला सायीचाच संशय येऊ लागला.

बुधवारी तिनं मोबाईलवर पार्सलचा तपास केला, तर तिथं लिहिलेलं, ‘असं कुणी नाही. परत पाठवणार.’ टेम्पो धुणाऱ्या नवऱ्याला तिनं गाठलं.

“तुमीच पाठवलं ना माघारी?”

“मी? मला तर आलेलं बी म्हाईत न्हाई!”

“पयल्यापास्नं तुमच्या पोटात दुखत होतं.”

“आईची शपथ, राजश्री!”

तिचा विश्वास बसला नाही. परवा शुक्रवार. लेन्स गेली की हळद गेली, हळद गेली की एकवीसच्या एकवीस तारखा गेल्या, आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या ब्लाउजला हुक लावायचे. ती रडली. हे मी मुद्दाम सांगते, कारण ती कुणाला सांगणार नाही. आणि गुरुवारी सकाळी डोक्यावर पदर घेऊन तडक पोस्टात निघाली.

दगडाबाईंनी तिला तशा तोंडानं जाताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, हिला त्या मंजुषाचं कळलं! त्या हातातली कामं टाकून मागं निघाल्या.

पोस्टात त्रिंबक तात्यांनी तिचं कार्ड तीनदा उलटंपालटं केलं. “हे बघा, राजश्रीबाई, नऊ वर्सं मी तुमाला राजश्री म्हणून ओळखतो. कार्डावर मंजुषा. पत्ता बी दुसऱ्या गावचा. फोटो बघावं तर ही पोरगी कोण न् तुमी कोण! मी पार्सल कसं दिऊ? उद्या खरी मंजुषा आली तर माझी नोकरी जाईल.”

“तात्या, मीच खरी हाय.”

“आसाल. पर ओळखदार आणा. तुमीच मंजुषा म्हणून सांगणारं, मला म्हाईत असलेलं माणूस.”

अख्ख्या गावात तिला मंजुषा म्हणून ओळखणारं कोण होतं? नवऱ्यावर तर तिचाच संशय, आणि दुसरं एकही माणूस नव्हतं. मला खोक्यात बसून तिची दया आली. माझं नाव निदान माझ्या काचेभोवतीच्या कडीवर कोरलेलं आहे, कुणी बदलू म्हटलं तरी निघत नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “तात्या! त्या भवानीचा पत्ता दे मला!”

दगडाबाई आत आल्या आणि सुनेच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. “तू भिऊ नको गं. माझा लेक असला म्हणून काय झालं? त्या मंजुषाला मी बघते. माझ्या सुनेच्या संसारात...”

“आत्याबाई.”

“तू गप. आज मी बोलणार.”

“आत्याबाई, मंजुषा मीच हाय.”

तिनं तात्यांच्या हातातलं कार्ड घेऊन सासूपुढं धरलं.

“माहेरचं नाव हाय माझं. तुमी तांदळावर राजश्री लिवायला लावलं त्याच्या आधीचं. कॅमेऱ्याची लेन्स मागवली मी, शिलाईच्या पैशातून. तुमाला सांगितलं न्हाई, चुकलं माझं. पर उद्या काम हाय, आन् ती आज न्हाई मिळाली तर माघारी जाईल.”

मला वाटलं, आता भांडण. मी संशयी ना! बाई म्हणणार, पैसे लपवलेस? माझ्याशी खोटं? मी मनातल्या मनात जपानची वाट धरली.

दगडाबाई बाकावर बसल्या. म्हणाल्या, “न्हाई म्हणून मीच सांगितलं गं ह्याला. असं कुणी न्हाई म्हणून.” मग तात्यांकडं बघून, “कागद आण. ही माझी सून. हिचं नाव मंजुषा हाय. म्या बदललं व्हतं.”

“ओळखदार म्हणून अंगठा लावता?”

“लावते म्हणलं ना!”

शाईचा अंगठा कागदावर बसला, कराचे पैसे भरले गेले, आणि मी बाहेर आले. तिनं मला उजेडासमोर धरलं. मी श्वास रोखला. तिला कण दिसला. ती म्हणाली, “असू दे. आमच्या घरात ह्याच्याहून लई धूळ हाय.” चाळीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं मला कॅमेऱ्यावर चढवलं. दगडाबाई उंबऱ्यात बसून अंगठ्याची शाई पदरानं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “माझा बी काढ एक.” तिनं काढला. मग बाईंनी विचारलं, “त्याच्याखाली नाव टाकतेत ना?”

“टाकते की. दगडाबाई.”

“न्हाई. शेवंता टाक.”

“शेवंता कोण?”

“मीच की,” दगडाबाई म्हणाल्या. “पंधरा वर्साची व्हईस्तोवर.”

तो फोटो आता भिंतीवर आहे, शेवंता या नावासकट. त्यात माझा कण कुठं दिसतो का म्हणून मी पुष्कळदा बघितलं, नाही दिसत. शुक्रवारची हळद झाली, नंतरच्या वीस झाल्या, हा दुसरा सीझन. माझी फिरवायची कडी जरा घट्ट झाली आहे, हळदीचे पिवळे डाग पडलेत. तिच्या फोटोंच्या कोपऱ्यात ‘मंजुषा’ असतं. अंगद अजून चुकून राजश्री म्हणतो आणि दोघींकडून बोलणी खातो.

बघून झालं असेल तर आता मला खाली ठेवा, पण झाकण लावून. आणि एवढं ऐका. कधी पोस्टमन दारात उभा राहून अनोळखी बाईचं नाव घेईल. त्याच्यावर संशय घ्या, पार्सलवर घ्या, खुशाल माझ्यावर घ्या. पण ‘असं कुणी नाही’ म्हणायच्या आधी घरात एकदा हाक मारून बघा.