टाकीचं पोट

सासऱ्यांचा मोतीबिंदू काढायचं ठरलं आणि धाकट्या सुनेच्या हाती पहिल्यांदाच टाकीची बादली आली. गोठ्यामागची ही गोबरगॅसची टाकी त्यांनी सासूबाईंच्या खोकल्यापायी बांधली होती. आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस, वरचा लोखंडी टोपसुद्धा स्वतःच जोडलेला. धुरातून सुटका झाली खरी, पण सासूबाईंनी त्या शेगडीवर जेमतेम दोन महिने रांधलं. त्या गेल्यापासून टाकीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

"एक बादली शेण, अर्धी बादली बारीक चिरलेला पाला, शेणाइतकंच पाणी," जाताना त्यांनी तीनदा बजावलं. "जमलं तर पुढंही तूच बघ. मला महिनाभर वाकायला बंदी आहे. नाही जमलं तर टाकी बंद करू."

शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले.

चार दिवस सगळं सुरळीत गेलं. पाचव्या दिवशी नवऱ्यानं शेतातून सडक्या बटाट्यांची पोती आणून टाकली. धाकटीला वाटलं, बाबा परत येतील तेव्हा टाकी कशी भरलेली दिसायला हवी. बाळाला कडेवर घेऊन एका हातानं बटाटे ठेचत तिनं दोन दिवसांत चार पोती आत ढकलली. आणि टोप खरंच हातभर वर आला! आत गॅस साठला की तो असा वर येतो. ती हरखून शेगडी पेटवायला गेली, तर काडी विझली. दुसरी विझली. अर्धी पेटी संपली, तरी ज्योत काही धरेना.

सासरे त्याच दुपारी दवाखान्यातून आले, उजव्या डोळ्याला पट्टी, डाव्यातही धुकंच. भिंत चाचपत ते आधी टाकीपाशीच गेले.

"रोज किती घातलंस?"

"एकच बादली, बाबा."

त्यांनी नाकानं जोरात श्वास ओढला. "पट्टी डोळ्याला बांधलीय, पोरी. नाकाला नाही."

धाकटीनं मान खाली घातली. "बटाटे घातले. चार पोती."

"चार. आणि मी दवाखान्यात शेजारच्या खाटेवाल्याला सांगत बसलो होतो, आमची सून मोजूनमापून वागते म्हणून."

"टोप तर केवढा वर आलाय."

"नुसता फुगलाय. आतलं आंबलं की जळणारा गॅस होतच नाही. बाळाचं पोट फुगलं की तू काय करतेस?"

"वरचं सगळं बंद करते. अंगावर तेवढं पाजते. पोट चोळते."

"मग मला काय विचारतेस?"

तिनं विचारलं काहीच नव्हतं. पण तेव्हापासून टाकीला उपास सुरू झाला. आधी साठलेला गॅस सोडून दिला. मग रोज सकाळी सासरे बाळाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसत आणि धाकटी आंबटपणा मोडायला चुन्याची निवळी थोडी थोडी ओतून लांब दांड्यानं आतलं हलवी.

"हळू. दमानं. आज वास कसा आहे?"

"आंबटच आहे."

"कालच्यापेक्षा?"

तिनं वाकून पुन्हा हुंगलं. "थोडा कमी. शेणाचा येतोय मधूनच."

"येऊ दे. तो चांगला."

बाळ त्यांच्या पट्टीला हात घाली, ते मान मागं घेत. "याला आजोबांचा दुसराही डोळा घालवायचाय," म्हणत. धाकटी हसायची, पण तिचा जीव त्या एका शब्दात अडकलेला होता. बंद.

उपासाच्या नवव्या दिवशी टोप चार बोटं वर आला. सासरे स्वयंपाकघरात येऊन शेगडीशी उभे राहिले. तिनं काडी ओढली. ज्योत धरली.

"रंग कसा आहे?"

निळा, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना कुठं दिसणार होतं? ती खाली वाकून बघत राहिली.

"पिवळट, बाबा. बुडाशी जरा निळी. आणि फडफडतेय."

हात पुढं करून त्यांनी ज्योतीची ऊब घेतली.

"तुझ्या सासूनं निळीच सांगितली असती. मला बरं वाटावं म्हणून." त्यांनी हात मागं घेतला. "उद्या शेण पाव बादली. पाला नको."

"आणि परवा?"

"परवाचं मला कशाला विचारतेस? वास घे आणि ठरव."