चकती काढल्यावर

बाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रविना गावी, दाभोशाला होती. आई नव्हती आणि भाऊ भिवंडीला कामावर, म्हणून पुण्याची प्रयोगशाळा सोडून तिलाच यावं लागलं. बाला धरून उठवायचं, पेज करून घालायची, औषध संपलं की जीपने जव्हार गाठायचं. अंग नुसतं आंबून गेलं होतं.

त्या दिवशी औषधं घेऊन ती परतीच्या जीपमध्ये बसली. जीप भरायला वेळ होता. रेंज होती तोवर तिने गौतमला व्हिडिओ कॉल लावला.

गौतम तिचा प्रयोगशाळेतला जोडीदार. कित्येक वर्षं दोघं इलेक्ट्रॉनच्या लाटेला पीळ द्यायच्या मागे होते. सूक्ष्मदर्शकातून जाणारा इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. त्याच्या वाटेत एक अतिपातळ चकती ठेवायची, गोल जिन्यासारखी हळूहळू जाड होत गेलेली. तिच्यातून जाताना लाट मळसूत्रासारखी पिळली जाते आणि मधोमध स्वतःलाच पुसून टाकते. मग पडद्यावर ठिपक्याऐवजी कडं उमटतं. गेल्या महिन्यात तसं कडं उमटलंही होतं, आणि त्यांच्या मार्गदर्शक सरांनी ते एका परिषदेला कळवून टाकलं होतं.

"चकती काढून बघितलंस का?" रविनाने विचारलं.

"थांब, आता सरकवतो."

चकती बाजूला झाली की कडं जाऊन ठिपका दिसायला हवा होता. गौतमने फोन पडद्यासमोर धरला. कडं जागच्या जागी होतं.

"नीट सरकवलीस ना?"

"दोनदा," गौतम खालच्या आवाजात म्हणाला. "लाट जाते त्या खालच्या छिद्राला घाण चिकटली असणार. तिच्यावर विद्युतभार साठतोय, तोच लाट वाकवतोय." मग फोन स्वतःकडे वळवून म्हणाला, "रविना, हे अजून आपल्याशिवाय कुणी बघितलेलं नाही. बोललो नाही तर कळणारही नाही."

शेजारची बाई मांडीवरची टोपली सावरत आत सरकली. रविनाने तिला जागा करून दिली. गौतमशी भांडायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"मी सरांना सांगते," एवढंच ती म्हणाली.

कॉल तोडून तिने लगेच सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "कळवलेलं मागे घ्यावं लागेल. शोधनिबंधही लांबला, तुझी पदवीही."

"हो सर."

"ठीक आहे. वडिलांकडे बघ आधी."

जीप सुटली. वळणावळणांवर तिचं डोकं खिडकीच्या दांडीला आपटत होतं, तरी तिला डुलकी लागली.

घरी बा खाटेवर टेकून बसला होता. "झाला का तुजा पुण्याचा काम?"

"नाय झाला, बा. परत करायचा."

"मंग येवढे दिस काय दिसला तुला?"

"घाण."

बा खदखदून हसला आणि लगेच टाक्यांवर हात दाबून कळवळला. "हसवू नको गं!" रविनालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बाने ते पाहिलं. हाताने जागा दाखवून तिला खाटेच्या कडेला बसवलं.

बा हिंडू-फिरू लागल्यावर ती पुण्याला गेली. यंत्र उघडून छिद्र बदलणं, सगळं पुन्हा जुळवणं, यात पावसाळा संपला. मग एका दुपारी पडद्यावर फिकट, जरा वाकडं कडं उमटलं. तिने चकती सरकवली. ठिपका. परत आणली. कडं.

"सरांना बोलावू?" गौतम उठला.

"चहा पिऊन ये आधी," रविना म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून तिने डोळे मिटले.