न वाजलेला फोन

ऑफिसात त्याला सगळे फौजदार म्हणत. काम ॲप बनवण्याचं, पण कुणी तक्रार घेऊन आलं की हा आधी तक्रार करणाऱ्याचीच उलटतपासणी घ्यायचा. कोडवर त्याचा गाढ विश्वास, माणसांवर बेताचाच. गजर वाजला नाही असं बायको म्हणाली तरी हा तिच्याकडे संशयाने बघायचा, आणि मग घरात दिवसभर अबोला.

आज त्याच्यासमोर एक नर्स बसली होती. घरोघरी आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेसाठी त्याने ॲप बनवलं होतं. पेशंटने त्यावरून कॉल केला की तो नर्सच्या फोनवर वाजायचा. हिचं म्हणणं, माझा वाजतच नाही. तिच्याकडचे एक आजोबा भर दुपारी बाथरूममध्ये पडले, पडल्या जागेवरून कॉल करत राहिले आणि तिने उचलला नाही. शेजाऱ्यांनी दार उघडलं म्हणून निभावलं. आता संस्थेच्या बाई तिला कामावरून काढायला निघाल्या होत्या. दोष ॲपचा की नर्सचा, एवढंच त्यांना आज याच्याकडून हवं होतं.

त्याचं उत्तर तयारच होतं. सर्व्हरवर आजोबांच्या प्रत्येक कॉलपुढे स्वच्छ नोंद होती, 'पोचला, वाजला'. म्हणजे ही नर्स चक्क थाप मारत होती. झोप लागली असेल, नाहीतर आजोबा सारखे फोन करतात म्हणून कंटाळली असेल. आणि आता चेहरा बघा कसा साळसूद.

तरी रीत म्हणून त्याने तिचा फोन मागितला. तिने लगेच दिला. इतक्या लगेच दिला म्हणूनच त्याच्या मनात पाल चुकचुकली. नोटिफिकेशनची परवानगी चालू होती, आवाज पूर्ण होता. बॅटरी वाचवायला फोन ॲपला झोपवून टाकतो, ती सोयही बंद होती. सगळं आधीच नीटनेटकं करून आलेली दिसते, त्याने ताडलं.

"बॅटरीचं हे कुणी बंद केलं?"

"मीच. मागे तक्रार केली तेव्हा तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत, दादा."

त्याने लॅपटॉपवरून आजोबांच्या नावाने कॉल लावला. टेबलावरचा तिचा फोन ढिम्म. लॅपटॉपवर मात्र उमटलं, 'पोचला, वाजला'. क्षणभर त्याला स्वतःच्या ॲपचीच शंका आली, पण क्षणभरच. नक्की हिच्याकडे दुसरा फोन असणार. त्याने तसं सरळ विचारलं. तिने पर्स टेबलावर उपडी केली. थर्मामीटर, हातमोजे, कंगवा, बिस्किटांचा अर्धा पुडा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं.

"दुसऱ्या फोनवर उघडायला पासवर्ड लागतो, आणि माझा पासवर्ड मी फक्त तुम्हाला दिला होता," ती म्हणाली. "मागच्या तक्रारीच्या वेळी, तपासायला हवा म्हणालात म्हणून."

त्याला आठवलं. तेव्हा त्याने ऑफिसातल्या एका फोनवर तिच्या नावाने लॉगिन करून ॲप पाहिलं होतं. चाललं, म्हणून फोन ठेवून दिला. लॉगआउट करायचं राहूनच गेलं. आणि एका माणसाचा कॉल एकाच फोनवर जायचा, ज्यावर त्याच्या नावाने शेवटचं लॉगिन झालं त्यावर. हा नियमही याचाच.

तपासणीचे फोन खिडकीजवळच्या फळीवर चार्जिंगला असत. दिवसभर केकाटतात म्हणून सगळ्यांचा आवाज कायमचा बंद. तो तिथे गेला. एका फोनचा पडदा उजळला होता, त्यावर आजोबांचं नाव होतं. खाली न उचललेल्या कॉलची रांग लागली होती.

तांत्रिक अडचण होती, असं मोघम सांगून सुटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण टेबलावर तिच्या पर्समधलं सगळं पसरलेलं होतं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तिच्यासमोरच संस्थेच्या बाईंना फोन लावला. सिस्टरची काही चूक नाही, चूक माझी, त्यांचे कॉल इथे माझ्या ऑफिसातल्या फोनवर येत होते, असं स्पष्ट सांगितलं.

ती पर्स भरत होती. भरता भरता थांबली. फळीकडे पाहिलं, फळीच्या आसपास मान खाली घालून काम करणाऱ्या माणसांकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे, तो सगळ्यांकडे बघायचा अगदी तसं.

"आजोबा पडले तेव्हा तुम्ही सगळे इथेच होतात ना?" तिने विचारलं. "मग कुणीच कसा उचलला नाही?"