जवळपास नवी

होलिस प्रूइटला गिटार वाजवता येत नव्हती. टेनेसीतल्या नॅशव्हिलसारख्या गावात, जिथे हॉटेलात भांडी घासणारासुद्धा स्वतःची चार गाणी खिशात घेऊन हिंडतो, तिथे हे कबूल करायला खरं तर लाज वाटावी. होलिसला ती कधी वाटली नाही. तो गिटारी वाचायचा. टार्पलीच्या दुकानात जुनी इलेक्ट्रिक गिटार आली की ती आधी मागच्या खोलीत होलिसच्या टेबलावर जायची आणि तासाभरात तिचं कार्ड तयार व्हायचं. साल कोणतं, लाकडावरचं चकचकीत लॅकर कारखान्यातलं की मागाहून मारलेलं, आतल्या तारांना कोणी नवा डाग दिलाय का, दांडी कधी मोडून चिकटवली आहे का. आधी दोष आणि मग गुण, अशी त्याची पद्धत. जपानातले आणि जर्मनीतले शौकीन गिटार डोळ्यांनी न बघता, नुसतं होलिसचं कार्ड फोनवर ऐकून ती मागवायचे.

ह्या शौकिनांची तऱ्हाच न्यारी. गिटार जितकी कमी वाजलेली तितकी त्यांना जास्त प्यारी. जिने तीस वर्षं दारूच्या गुत्त्यांतून घाम गाळला, तिला बघून हे नाक मुरडणार. आणि एखाद्या दाताच्या डॉक्टरने हौसेने घेऊन पलंगाखाली सरकवलेली आणि तिथेच विसरलेली गिटार दिसली की ह्यांच्या तोंडाला पाणी सुटणार. होलिस त्यांच्यातलाच. एखाद्या कार्डावर 'जवळपास नवी' असं लिहायला मिळालं की त्याचा दिवस चांगला जायचा.

त्या मंगळवारी सकाळी मात्र तो जन्मात पहिल्यांदा उलटं मागणं मागत बसला होता. येणारी गिटार झिजलेली असू दे. खरवडलेली, घामाने काळवंडलेली, सिगारेटने पोळलेली, कशीही असू दे, पण झिजलेली असू दे.

मार्चमध्ये ओक्लाहोमातल्या टल्साहून एका बाईचं पत्र आलं होतं. ओळी मोजून पाच. एमेट एका गोदामाच्या छपरावर काम करताना पडला आणि गेला. दफन झालं. मी त्याची बायको, डार्ला. तुमचा पत्ता शोधायला वेळ लागला, तो गिटारीच्या पेटीतल्या कार्डावर सापडला. माफ करा. मग सप्टेंबरात दुसरं पत्र आलं, की गिटार घेऊन मी स्वतःच येते.

एमेट होलिसचा एकुलता एक मुलगा. घर सोडून गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि त्यानंतर अकरा वर्षांत ना पत्र ना फोन. आई तर तो सहा वर्षांचा असतानाच वारली होती. पण जाताना पोरगा लाल गिटार घेऊन गेला होता आणि त्या एका गोष्टीच्या आधारावर होलिसने अकरा वर्षं रेटली होती. संध्याकाळी ताटावर एकटा बसला की तो मनाशी ठरवायचा, आज हा कुठे वाजवत असेल. टेक्सासात लबकला असेल, नाहीतर अमारिलोला, एखाद्या तळलेल्या माशांच्या हॉटेलात, लोक खाताहेत आणि हा कोपऱ्यात उभा राहून वाजवतोय. माझ्याशी नाही बोलला तर नाही बोलला. वाजवतोय ना, मग झालं. आता मुलगाच राहिला नव्हता. पण गिटार येणार होती, आणि कुठल्याही गिटारीला होलिसशी खोटं बोलता येत नसे. पोराची अकरा वर्षं कशी गेली ते ती सांगणार होती. त्याच्या वाट्याला आता तेवढंच उरलं होतं.

"अरे, कॉफी तरी घे," दारातून टार्पली म्हणाला. "सकाळपासून त्या भिंगाची काच पुसतोयस. भोक पडेल तिला."

"ती आली की तू बाहेरच थांब."

"थांबतो की. दुकान माझं आणि मीच बाहेर. चालू दे." टार्पलीने कप टेबलावर ठेवला आणि जाता जाता होलिसच्या खांद्यावर हात दाबला. चाळीस वर्षांत असं त्याने कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघंही अवघडले.

दहाच्या सुमाराला एक जुना पिकअप ट्रक दुकानासमोर थांबला. पुढच्या सीटवर तपकिरी पेटी बसवलेली होती आणि तिला सीटचा पट्टा बांधलेला होता. डार्ला ठेंगणी, उन्हाने रापलेली, तिशीतली बाई होती. पेटी तिने टार्पलीला उचलू दिली नाही. स्वतःच पोटाशी धरून आत आणली.

"मिस्टर प्रूइट?"

"होलिस म्हण."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुमचे कान त्याच्यासारखे आहेत," ती म्हणाली. मग स्वतःलाच हसली. "म्हणजे त्याचे तुमच्यासारखे. बघा, दहा तास गाडी चालवली की माणसाचं हे असं होतं."

सून पहिल्यांदा दारात आलेली. तिला आधी बसवावं, पाणी विचारावं, जवळ घ्यावं. हे सगळं होलिसला कळत होतं, आणि त्याचे हात मात्र पेटीच्या खटक्यांकडे गेले. डार्लाने काही मनाला लावून घेतलं नाही. खुर्ची ओढून ती आपली आपण बसली.

आत गुलाबी मखमल होती तशीच होती. कोपऱ्यात भोकं पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात ओला स्पंज. हिवाळ्यात घरातल्या हीटरने लाकूड सुकतं, चिरतं, म्हणून असं ठेवायचं असतं. एमेट नऊ वर्षांचा असताना होलिसनेच त्याला ती डबी करायला शिकवलं होतं.

"तो कामावर लांब गेला की त्यातलं पाणी मी बदलायचे," डार्ला म्हणाली. "बायकोला फोन राहिला तरी चालेल. स्पंज कोरडा पडलेला चालायचा नाही."

होलिसने गिटार उचलून दिव्याखाली धरली. एकसष्ट सालची, दोन शिंगांची, गडद चेरीसारखी लाल. हा लाल रंग फार नाजूक. खिडकीपाशी दोन वर्षं राहिली तरी गिटार फिकट नारिंगी पडते. ही पडली नव्हती. पडायला हवी होती, असं त्याच्या मनात आलं. असेल, तो स्वतःशी म्हणाला, अंधाऱ्या गुत्त्यांतून कुठलं आलंय ऊन.

त्याने भिंग डोळ्याला लावलं. दांडीवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तारा त्यांच्यावर दाबून दाबून बारीक खड्डे पडतात. वर्षभर नेटाने वाजवलं तरी पहिल्या तीन फ्रेटवर ते नखाला लागतात. होलिसने नख फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही. चौथा, पाचवा, सातवा फ्रेट. कारखान्यातल्या कानशीचे बारीक ओरखडे अजून जसेच्या तसे दिसत होते. दांडीच्या मागच्या बाजूला अंगठा घासून लॅकर मंद होतं. इथे ते आरशासारखं चकाकत होतं. पुढच्या काळ्या पट्टीवर तारा छेडायच्या पिकच्या फटक्यांनी धुरकट वर्तुळं उमटतात. पट्टी स्वच्छ होती. मागाहून मारलेलं लॅकर ज्यात वेगळं दिसतं तो जांभळा दिवा त्याने लावला, खोलीतला मोठा दिवा घालवला, आणि सगळं अंग एकसारखं पोपटी उजळलं. कुठे डाग नाही, कुठे दुरुस्ती नाही.

मग त्याने खुंट्यांकडे पाहिलं. तारा गंजून काळ्या पडल्या होत्या, पण प्रत्येक खुंटीवर अडीच वेढे होते आणि टोक आत वळवून दाबलेलं होतं. अडीच वेढे आणि टोक आत, असं ह्या गावात एकच माणूस बांधायचा. ह्या तारा होलिसने स्वतः चढवल्या होत्या, अकरा वर्षांपूर्वी.

मोठा दिवा परत लावायला त्याला बराच वेळ लागला.

"तो ही कधी वाजवायचा?" त्याने विचारलं.

"वाजवायचा?" डार्लाने मान हलवली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. मी तर एकदाही नाही ऐकलं. दर रविवारी चर्चहून आलो की बाहेर काढायचा, मऊ फडक्याने पुसायचा, उजेडात अशी अशी फिरवून बघायचा आणि परत ठेवायचा. लग्नाच्या वाढदिवसाला मी किती मागे लागले. म्हटलं, एकच वाजव, दुसरं काही मागत नाही. तर म्हणे, ओरखडा येईल. मी म्हटलं, अरे मेल्या, ही गिटार आहे की कपाटातला पाहुण्यांचा टी-सेट?"

"मग?"

"मग हसला. म्हणाला, डॅडींना कळेल. ते नुसतं बघितलं तरी ओळखतात." तिने पेटीतल्या मखमलीवरून बोट फिरवलं. "एक दिवस तुमच्याकडे परत आणायची होती त्याला. होती तशी. आधी म्हणायचा पुढच्या उन्हाळ्यात, मग म्हणायचा त्याच्या पुढच्या. तेवढंच राहिलं. म्हणून मी आणली."

होलिसने गिटार टेबलावर पालथी घातली. बघायचं काही उरलेलं नव्हतं, पण पाठ बघितल्याशिवाय कार्ड पुरं होत नाही आणि हातांना ती सवय होती. पाठीवर खालच्या अंगाला एक ओरखडा होता. कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचा.

तो ओरखडा त्याच्या डोळ्यांदेखत पडला होता. जूनमधली संध्याकाळ होती. होलिस सामानाची पिशवी घेऊन घरी आला तेव्हा एमेट मागच्या ओसरीवर उभा होता, गिटार गळ्यात, तारेने छोट्या स्पीकरला जोडलेली, डोळे मिटलेले, शर्ट वर सरकलेला. महिन्यापूर्वीच, एकोणिसाव्या वाढदिवशी, होलिसने ती त्याला दिली होती. जन्मल्यापासून त्याच्यासाठीच राखलेली, कार्डासकट. पण त्या घडीला होलिसला ते बकल दिसलं आणि तो ओरडला. पोराच्या गळ्यातून गिटार ओढून घेतली, आतून भिंग आणि पट्टी आणली आणि तिथेच पायरीवर बसून कार्डावर पेन्सिलीने लिहिलं: पाठीवर, खाली, बकलाचा एक ओरखडा, पावणेतीन इंच, लाकडापर्यंत गेलेला नाही. एमेट समोर उभा राहून हे सगळं बघत होता. "जपता येत नसेल तर हात लावू नकोस," होलिस त्याला म्हणाला. पुढच्या रविवारी पोराची खोली रिकामी होती.

पोराने बापाचं ऐकलं होतं. अक्षरशः ऐकलं होतं. ह्याच्याइतका आज्ञाधारक मुलगा सबंध टेनेसीत कोणाला झाला नसेल.

पेटीच्या खणात ते कार्ड होतं, कडा मऊ पडलेल्या. होलिसने ते काढून गिटारीशेजारी ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत ताडून पाहिलं. एक शब्द वाढवायला नको होता, एक शब्द खोडायला नको होता.

दारावर टकटक झाली. टार्पलीला राहवलं नव्हतं. आत डोकावला, गिटारीकडे पाहिलं आणि धंद्याच्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं.

"बाप रे," तो म्हणाला. "होलिस, अरे ही तर जवळपास नवी आहे! वाजवलेलीच नाही! अशी मी उभ्या जन्मात..." मग त्याला होलिसचा चेहरा दिसला. "चुकलो," तो पुटपुटला आणि त्याने दार ओढून घेतलं.

कॉफी थंड झाली होती. बाहेर कोणीतरी गिऱ्हाईक एक गिटार लावून बघत होतं, दोन सूर छेडून थांबत होतं.

"विकायची तर नाही ना?" डार्लाने विचारलं. "म्हणजे तुमची आहे, तुमची मर्जी. मला तिच्यातलं काही नको. फक्त एक विचारायचं होतं. येताना वाटेत सारखं तेच डोक्यात होतं."

"विचार, पोरी."

"तुमच्याकडे असताना तरी तो वाजवायचा ना? तुम्ही ऐकलं असेल. कसा वाजवायचा हो?"

"छान वाजवायचा," होलिस म्हणाला.

"काय वाजवायचा? नुसतं गाण्याचं नाव सांगा. मी शोधीन ते कुठेतरी. गाडीत लावीन, जाताना. निदान मला कळेल की असं काहीतरी त्याच्या बोटांतून येत होतं."

होलिसने डोळे मिटले. ती संध्याकाळ त्याला सगळी आठवत होती. ओसरीच्या जाळीला भोक कुठे होतं ते आठवत होतं, बकलावर कोरलेला मासा आठवत होता, सामानाच्या पिशवीतून सांडलेले पीच आठवत होते, ओरखड्याची लांबी आणि खोली आठवत होती. पोराची बोटं तारांवर फिरताना दिसत होती. त्याने कानांवर सगळा जोर लावला. कपाळावर घाम आला. बोटं फिरत होती आणि त्यांच्यातून काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. त्याच्या आधीची कुठलीही संध्याकाळ आठवून पाहिली तरी तेच.

"अगदी एखादं," डार्ला म्हणाली. "तोडकंमोडकं गुणगुणलंत तरी चालेल."

"मी ऐकलंच नाही गं," होलिस म्हणाला. "मी बघत होतो."