आक्काची किडनी

माझी नणंद वच्छला, आमची आक्का, भाऊबीजेला भावाला दोनदा ओवाळते. आधी तोंड. मग ताट खाली आणून सयाजीच्या पोटाची उजवी बाजू, तिची किडनी बसवलीय तिथं. बायको मी, पण माझं जुळलं नाही, बहिणीचं जुळलं. करकंबहून आली की चपला काढायच्या आधी त्याचा शर्ट वर करते, "माझी कशी हाय रं?" चार वर्षं बघतेय. जळते मी. लपवत नाही.

यंदा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सयाजीची सोनोग्राफी केली. तिथली बाई म्हणाली, "किडनीला गाठ दिसतेय, डॉक्टरांना दाखवा." मी जिन्यातूनच फोन लावला.

"आक्का, तुमच्या किडनीत गाठ निघाली."

सांगताना मला गोड वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसले. "अहो, जुन्या किडन्या आम्ही काढत नाही, त्या आतच असतात. गाठ डावीकडच्या जुन्या किडनीत आहे. चरबीची आहे, कॅन्सर नाही. तीन सेंटिमीटर. फार वाढली तर फुटून रक्त जायची भीती, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. एक गोळी बदलतो, ती बहिणीची किडनीही सांभाळेल, गाठही आवळेल. बहिणीची एकदम ठणठणीत."

ठणठणीत! मेलं माझं नशीब.

"आक्काला कळवलंस?" बाहेर सयाजीनं विचारलं.

"कळवलं की."

भाऊबीजेला आक्का आली ती निम्मी होऊन. तोंड ओवाळलं आणि ताट खाली ठेवलं.

"आक्का, खालचीला इसरलीस व्हय?" सयाजीनं विचारलं.

"कुठल्या तोंडानं ओवाळू? नासकी दिली रं तुला." ती मटकन बसली. "डॉक्टरला सांग, दुसरी हाय माझी. ती घ्या म्हणावं."

सयाजीनं माझ्याकडं बघितलं.

"तुमची चांगलीय," मी म्हणाले. "गाठ ह्यांच्या जुनीत आहे. चार दिवस मला ठाऊक होतं."

आक्का शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं पदरानं डोळे पुसले, ताट उचललं आणि उजव्या बाजूला ओवाळलं, जरा जास्तच वेळ. मग माझ्याकडं वळली.

"ऋतुजा, तिकडंबी ओवाळू का गं, गाठीला?"

"नको," मी सयाजीच्या डावीकडं सरकून बसले. "ती बाजू माझी."