उलटा पीळ

बोट कापलंय हे उस्तादांना रक्त बघून कळलं. दाताच्या डॉक्टरांच्या छोट्या विमानाचं नाक उघडं होतं. तेलाचा नवा फिल्टर बसवून झाला होता आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी तो सुटू नये म्हणून उस्ताद त्याला बारीक तारेचा पीळ घालत होते. तारेचं टोक मधल्या बोटात शिरलं होतं. पांढऱ्या पत्र्यावर एक लाल ठिपका पडला, मग दुसरा. दुखलं काहीच नाही. त्यांनी घाईने खिशातलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि आधी कॉकपिटकडे पाहिलं.

तिथून सुनेचे नुसते बूट दिसत होते. ती पाठीवर पडून, पॅनेलखाली डोकं घालून वायरी लावत होती. डॉक्टरांना जुन्या गोल तबकड्यांच्या जागी दोन स्क्रीन हव्या होत्या. तबकड्या निघाल्या होत्या, स्क्रीन अजून खोक्यात होत्या आणि पॅनेलला नुसती भोकं पडली होती.

"काय झालं, उस्ताद?" आतून आवाज आला. हँगरमध्ये तीही त्यांना सगळ्यांसारखं उस्तादच म्हणायची. बाबा फक्त घरी.

"कुठं काय?"

"पकडीचा आवाज थांबला."

"तू तुझ्या वायरी बघ. माझ्या पकडीची काळजी करायला मी आहे."

तेवढ्यात डॉक्टर स्वतःच आले. पॅनेलकडे बघून त्यांनी गालावर हात ठेवला. "अरे बापरे! सगळेच दात काढलेत की तुम्ही!"

"कवळी बसवायची म्हटल्यावर दात काढावेच लागतात, डॉक्टर," उस्ताद म्हणाले.

डॉक्टर खळखळून हसले. मग बुटांकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना मोठ्या वर्कशॉपनं बोलावलंय म्हणे, पॅनेल विभागाच्या मुख्य म्हणून. माझं विमान असं बोळकं ठेवून पळू नका म्हणजे झालं!"

"नाही जाणार मी," आतून उत्तर आलं. "कळवलंय त्यांना."

उस्तादांना हे ठाऊक नव्हतं. डॉक्टर जाईपर्यंत ते तारेला पीळ घालत राहिले. मग दुपारी डबे उघडल्यावर, बाकीचे दोघे-तिघे मेकॅनिक ऐकत असताना, त्यांनी तोंड सोडलं.

"का नाही म्हणालीस?"

"नाही जायचं."

"भीती वाटली, सरळ सांग ना. भित्री भागूबाई! इथं कसं, काही अडलं की उस्ताद आहेत. तिथं स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागेल."

ती डब्यात बघत जेवत राहिली. बाकीचे दोघे-तिघे एकाएकी फारच मन लावून जेवू लागले. त्यांनी माना का खाली घातल्या, हे उस्तादांना तेव्हा कळलं नाही.

ती त्यांच्या घरात आली तेव्हा सासू नुकतीच गेली होती. मुलगा विमानांच्याच एका कंपनीत होता. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याची दूरच्या शहरात बदली झाली. जागा मिळाली की तुला नेतो, असं सांगून गेला. जागा मिळाली आणि त्या जागेत त्याने दुसरीबरोबर संसार मांडला. लोक सुनेला म्हणाले, आता तिथं कोण आहे तुझं? माहेरी तिच्या खोलीत भावाचा संसार होता. उस्तादांनी तिला राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. एक दिवस घरातला बिघडलेला पंखा तिने उघडून दुरुस्त केलेला त्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या मागे बसवून तिला हँगरवर नेलं. तिथं त्यांनी तिला शिकवलं, म्हणजे रोज रडवलं. ती डावखुरी होती. तिने पीळ घातला की तो उलटा पडायचा. विमानाला त्याने काही फरक पडत नसे, पण उस्तादांना पडायचा. "ही माझ्या हाताखालची तार नाही," म्हणत ते ती तोडून टाकायचे. पुढे ती वायरिंगकडे वळली आणि त्यात इतकी तरबेज झाली, की गिऱ्हाइकं तिची वेळ विचारून विमान आणू लागली.

उस्तादांची बोटं कधी बधिर व्हायला लागली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. साखर बरीच वर्षं होती. आधी पायांच्या बोटांची संवेदना गेली, मग हातांच्या. आत, डोळ्यांना दिसत नाही अशा जागी बोट घालून नट घट्ट आहे की नाही हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता ते पान्याचा आवाज ऐकून, मनगटावरचा ताण बघून अंदाज बांधायचे. अंदाज बरोबरच येतो, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं. विमानं जात होती, येत होती. आणखी काय पुरावा हवा?

त्यानंतर काही दिवसांनी फ्लाइंग स्कूलचं एक विमान नाकातला दिवा लागत नाही म्हणून परत आलं. सून कुरियरच्या ऑफिसात स्क्रीनचे कनेक्टर आणायला गेली होती. स्कूलचा शिक्षक घाई करत होता. हे काम तिचं, पण उस्तादांनी स्वतःच नाकाचा पत्रा उतरवला. दिव्याची वायर नुसती निखळली होती. ती त्यांनी बसवली. पत्रा परत लावताना त्यांची नजर तेलाच्या फिल्टरवर गेली.

फिल्टर त्यांनीच आठवड्यापूर्वी बदलला होता. तारही त्यांनीच बांधली होती. पण समोरचा पीळ उलटा होता.

त्यांनी चष्मा पुसला. सुबक, एकसारखा, दोरखंडासारखा पीळ, आणि उलटा. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. शिक्षकाने विचारलं, "मोठा बिघाड आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "घेऊन जा. काम चोख आहे."

मग ते हात न पुसताच मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक त्यांच्यापेक्षा लहान, वडिलांकडून हँगर मिळालेले, आणि भिडस्त.

"माझ्या कामाला मागून कोण हात लावतं?"

मालकांनी फोन खाली ठेवला. "बसा ना उस्ताद."

"उभा बरा आहे."

"अहो, गेल्या वर्षी ते निळं विमान आलं होतं बघा, पोटाला सगळं तेल माखून..."

"पायलटनं टाकीचं झाकण नीट लावलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं, कारण तिनं सांगायला लावलं." मालक टेबलाकडे बघत बोलू लागले. "तेलाचा बोल्ट तुम्ही सैल ठेवला होता. थोडक्यात वाचले ते. मी तुम्हाला त्याच दिवशी थांबवणार होतो. ती इथंच बसली होती, ह्या खुर्चीत. म्हणाली, त्यांना काढू नका, त्यांनी हात लावलेलं प्रत्येक विमान मी परत तपासते. मी म्हटलं, तू असेपर्यंत ठीक. तू गेलीस तर मला जमणार नाही."

"तू असेपर्यंत," उस्ताद म्हणाले.

"हो."

"आणि बाकीच्यांना ठाऊक होतं."

मालक टेबलावरचे कागद सारखे करू लागले. उस्तादांना दुपारच्या डब्याभोवतीच्या त्या खाली गेलेल्या माना आठवल्या. भागूबाई!

संध्याकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ते दारात उभे राहिले.

"उजव्या हातानं पीळ घालायला कधी शिकलीस?"

तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मालक बोलले?"

"आधी तार बोलली. स्कूलचं विमान आलं होतं आज."

"त्या दिवशी घाई होती," ती म्हणाली. "एरवी मी तुमच्यासारखाच घालायचे. वेळ लागतो, पण जमतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"डॉक्टरकडे चला, हात दाखवा म्हटलं होतं. आठवडाभर अबोला धरलात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा."

"म्हणून दया केलीस माझ्यावर."

"दया?" तिने ओला शर्ट जोरात झटकला. "बाबा, खरं सांगू? तुम्ही दिवसभर घरात बसलात, तर मला संध्याकाळी ह्या घरात पाऊल टाकवणार नाही. तुम्ही खिडकीत बसून त्याच्या फोनची वाट बघणार. तो आला नाही, की माझ्याकडे बघणार, जसं काही मीच त्याला हाकलून दिलंय. दर रविवारी बघता. तो एक रविवार मला आठवडाभर पुरतो."

उस्तादांनी दाराची चौकट धरली.

"आणि एखादं विमान पडलं असतं, तर तुम्ही डोकं धरून बसला असतात. त्या लोकांच्या दारात जाऊन उभं कोणी राहायचं? तुमचा मुलगा येणार होता?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"उद्या फोन कर त्या वर्कशॉपला," ते शेवटी म्हणाले. "मी सोडतो काम. तू जा."

"केला होता. मी आधी नाही म्हणून बसले, मग राहवेना. परवा केला. जागा भरली म्हणाले."

"तुला भागूबाई म्हणालो मी. सगळ्यांसमोर."

"हो," ती म्हणाली. "म्हणालात."

तिने पुढचा कपडा उचलला. तो उस्तादांचाच कामाचा शर्ट होता. तिने तो नीट ओढून, सुरकुत्या काढून वाळत घातला आणि बादली उचलून त्यांच्या बाजूने आत निघून गेली.

डॉक्टरांचं विमान तयार झालं, त्या सकाळी सगळे बाहेर जमले. पॅनेलवर दोन स्क्रीन उजळल्या होत्या आणि डॉक्टर लहान मुलासारखे काचेला नाक लावून आत बघत होते. चाचणीला मालक स्वतः विमान वर नेणार होते. उस्तादांनी फार पूर्वी ह्या हँगरला एक नियम घालून दिला होता. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात, ज्याचा इंजिनाला शेवटचा हात लागला, त्याने पायलटशेजारी बसायचं. आपलं काम आपल्याच जिवावर तपासायचं. आजवर ती जागा त्यांचीच होती.

मालकांनी दार उघडून धरलं. "चला उस्ताद."

"मी नाही," उस्ताद म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "इंजिनाला शेवटचा हात हिचा आहे. मी बांधलेलं हिनं सोडून परत बांधलंय. वर्षभर बांधतेय. ही बसेल."

डॉक्टर काचेपासून मागे झाले आणि त्यांनी उस्तादांच्या हातांकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे. सून जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती, राग होता. हे असं, सगळ्यांच्या देखत, तिने कधी मागितलं नव्हतं.

"बस," उस्ताद म्हणाले. "उशीर होतोय."

ती बसली. पट्टा आवळताना तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही.

मालक वाकून हळूच म्हणाले, "उस्ताद, उद्यापासून सहज येत जा हं. चहाला वगैरे."

"बघू," उस्ताद म्हणाले आणि दार बाहेरून लावून घेतलं.

इंजिन एका दमात सुरू झालं. त्यांनी मान तिरकी करून आवाज ऐकला. त्यात खोट नव्हती. मग ते वाकून चाकांपुढे गेले. चाकांना लावलेली लाकडी ठोकळ्यांची जोडी दोरीने ओढून काढायची, हे काम एरवी जो मोकळा असेल तो करायचा. आज तेच मोकळे होते. त्यांनी ठोकळे ओढले, मागे सरले आणि अंगठा वर करून खूण केली.

विमान सरकलं, वळलं. पंख्याच्या वाऱ्याने धूळ आणि सुकं गवत त्यांच्या अंगावर उडालं. बाकीचे तोंड फिरवून उभे राहिले. ते समोरच बघत राहिले. विमानाने धावपट्टीच्या टोकाशी जमीन सोडली, तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. उस्तादांनी मात्र दोरी अजून हातात आहे की सुटली, हे बघायला खाली पाहिलं.